गोपिकेची झील

"स्टेजले पायऱ्या किती आहे हो? तीन का चार?"

रुपरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी वर पाहिलं. दारात गोपिका उभी होती, एका हातानं निऱ्या जराशा उचलून, पायात नवी चप्पल. घराला दोनच पायऱ्या. त्या ती चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. फाल्गुनातलं कोवळं ऊन तिच्या पाठीमागून घरात येत होतं, आणि त्या उन्हात ती या घरातली वाटतच नव्हती. कुठल्यातरी गाण्यातून चालत चालत दारापर्यंत आल्यासारखी वाटत होती.

"मी मांगच्या दारानं जातो, ट्रॉफ्यांचा डब्बा ठेवतो आन् येतो," रुपराव म्हणाले. "पायऱ्या कोन मोजते?"

"वीस वर्सं झाले जाऊन राहिले. एकदा तरी मोजाच्या होत्या!"

"चारच असन," मधल्या भिंतीवरून आवाज आला. शेजारच्या सिंधूताईंना या घरातलं बोलणं ऐकू आलं नाही असं कधी झालं नव्हतं. "अवं गोपिका, तू कायले फिकर करतं? भाऊजीनं चप्पल काय उगीच आनली? तीस वर्सांत यायनं तुले चप्पल आनलेली मी तं नाही पाह्यली बाप्पा!"

गोपिका पदर तोंडाशी नेऊन हसली. रुपरावांनी बशीतला चहा परत पेल्यात ओतला आणि पेल्याकडे पाहत बसले. पेल्यावर नाव होतं, 'कु. शकुंतला'. ही शकुंतला कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या घरातल्या बहुतेक भांड्यांवर अशीच परक्यांची नावं होती. रुपराव हेडाऊंच्या वडिलांचा हातमाग होता. तो मोडला तेव्हा सोळा वर्षांचे रुपराव इतवारीत भांड्यांच्या दुकानांपुढे छिन्नी-हातोडी घेऊन बसले, ते आजतागायत. लग्नाचा हंडा असो की बारशाची वाटी, नाव पडल्याशिवाय गिऱ्हाईक भांडं उचलत नसे. टिक टिक टिक, ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटे. कधी हात चुके. देशपांड्यांच्या परातीवर देशमुख पडत, मग दुकानदार ती परात रुपरावांच्याच पदरात टाकी. सगळ्यात जास्त चुका झाल्या त्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. गोपिका नवी होती, सकाळी पाणी भरताना काहीबाही गुणगुणायची, आणि ते दिवसभर रुपरावांच्या कानातून जायचंच नाही. शकुंतलेचा पेला त्याच वर्षीचा.

काम शिकवणाऱ्या भैयाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नाव हातातून गेलं पायजे रुपराव. तोंडातून नाही." कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं हे पत्रिका छापायच्या आधी नाव टाकणाऱ्याला कळतं. कोणाचं मोडलं हेही कळतं. रुपरावांनी चाळीस वर्षं ते पोटात ठेवलं. म्हणून तर दरवर्षीच्या 'रानझरा संगीत पुरस्कारा'ची नावं कोरायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. पुरस्काराच्या चार दिवस आधी समितीतला धम्मानंद ट्रॉफी म्हणून द्यायच्या पितळी वीणांचा डबा आणि बंद पाकीट आणून देई. विजेते कोण हे परीक्षकांनंतर फक्त रुपरावांना ठाऊक असे, आणि गोपिकेनं वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

गोपिका स्वतः गाणाऱ्यांतलीच. पण मागच्या रांगेतली. लोकगीतात पुढची बाई ओळ टाकते आणि मागच्या बाया ती उचलून पुरी करतात. त्याला झील धरणं म्हणतात. झील आली नाही तर पुढच्या बाईचा सूर वाऱ्यावर सोडून दिलेल्या दोऱ्यासारखा लोंबत राहतो. गोपिकेनं तीस वर्षं झील धरली. कॅसेटी होत्या तेव्हा धरली, सीडी आल्या तेव्हा धरली, आता फोनवर वाजतं त्यातही धरली. कव्हरवर पुढचीचं नाव असे. मागच्यांसाठी 'आणि साथी'.

मागल्या वर्षी जरीपटका वस्तीतल्या स्टुडिओत चहाच्या सुट्टीत ती सहज गुणगुणत बसली होती. भूपेश नावाच्या तरुण संगीतकारानं ते ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, हे तुम्हीच म्हना. समोर उभ्या राहून." असं ते गाणं झालं. तिच्या आईच्या गावचं, पळसाचं:

पयसाच्या रानामंधी कोन चालली एकली?
एकली कशानं वं, मांगं सावली चालली.

फक्त त्या दिवशी साथीच्या बाया आल्या नव्हत्या. मग भूपेशनं गोपिकेकडूनच झीलही म्हणवून घेतली आणि मशीननं जोडली. घरी येऊन ती रुपरावांना म्हणाली होती, "गंमतच झाली. मीच इचारलं आन् मीच जवाब देल्ला."

आणि आता पेपरात उत्कृष्ट लोकगीत गायिकेसाठी तीन नावं छापून आली होती. मधलं, गोपिका हेडाऊ. कात्रण देवाच्या फोटोमागे खोचलं होतं.

बुधवारी धम्मानंद पाकीट घेऊन आला. "काका, या साली तं तुमच्या घरचंच काम आहे," असं म्हणून हसला. आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. रुपरावांनी दुकानाच्या ओट्यावर, रस्त्याकडे पाठ करून पाकीट फोडलं. यादीत सातवं नाव: उत्कृष्ट लोकगीत गायिका, मिनल तितरमारे, कुही.

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

मिनल बावीस वर्षांची, कुहीची, शेतकऱ्याची पोरगी. तिच्या गाण्यात मागे झील धरणाऱ्या तीन बायांपैकी एक गोपिका होती. स्टुडिओतून आल्यावर म्हणाली होती, "पोरीचा गळा असा आहे जसं नवं मडकं. पानी पडलं की वाजते."

आणि तिथपासून रुपरावांची चूक सुरू झाली. ती छिन्नीची नव्हती. बुधवारी घरी येताना त्यांच्यानं रिकाम्या हातानं येववेना, म्हणून संत्राबर्फी आणली. गुरुवारी गोपिकेची जुनी चप्पल दाराशी पालथी पडलेली पाहिली आणि तडक नवी आणली, जराशी टाच असलेली. शुक्रवारी ते पहाटे उठले आणि पाणी भरून ठेवलं. शनिवारी तिनं भाजीत मीठ जास्त टाकलं तरी "मस्त झाली" म्हणाले. आपण तिचं सांत्वन करतोय असं त्यांना वाटत होतं. पण सांत्वन पुढे निघून गेलं होतं आणि दुःख अजून मागेच होतं, त्यामुळे घरादाराला ती खुशखबर वाटली. बर्फी आली तेव्हा गोपिकेनं भुवई उंचावली. चप्पल आली तेव्हा सिंधूताईंनी गल्लीभर सांगितलं. पहाटेच्या पाण्यानंतर तर गोपिका रुपरावांच्या चेहऱ्याकडे पाहून आपली आपणच हसू लागली.

"मी काही इचारून नाही राहिली हो," ती म्हणे. "पन तुमचं तोंड काही लपत नाही."

आणि आज रविवार. संध्याकाळी पाचला पुरस्कार होते.

दुपारी जेवणं झाली. गल्ली निपचित होती. पूर्वी या वेळी घराघरातून हातमागाच्या धोट्याची खटखट येई. आता फक्त कोणाच्यातरी पंख्याची घरघर. गोपिका आरशापुढे बसून केस विंचरत होती आणि आरशातल्या बाईला सांगत होती, "माझी आई वच्छलाबाई... नाही. सगळ्यात पह्यले भूपेशचं नाव घेईन. मंग आईचं. मंग मांगच्या बायांचं. एकेकीचं नाव घेईन, सगळ्यायचं. यमुताई तं आता राह्यली नाही, पन तिचंही घेईन. त्यायचं कोनी कधी घेतलंच नाही." ती थांबली. "तुमचं घेऊ का नोको?"

रुपराव खाटेवर बसले होते. त्यांना दिसलं: अंधारं सभागृह, त्यात चार पायऱ्या, पायऱ्यांवर प्रकाश, आणि मागच्या रांगेतल्या सगळ्या बाया, जिवंत आणि गेलेल्या, एकेक नाव घेतलं की उभ्या राहतायत. ते इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी डोळे चोळले. हे तिला तिथे, चारशे लोकांत कळावं यापेक्षा इथे, या खोलीत कळलेलं बरं. भैयाजी काय म्हणायचे ते म्हणोत.

"गोपिका, इकडं ये. बैस. तुले एक सांगाचं आहे."

ती उठली. जवळ आली. त्यांचा चेहरा पाहिला, आणि पटकन आपला तळवा त्यांच्या तोंडावर ठेवला. तळव्याला खोबरेल तेलाचा वास होता.

"सांगू नोका."

"आयक तं..."

"नाही म्हनली न. चाळीस वर्सं तुमी कोनाले नाव सांगतलं नाही. माह्यासाठी कायले नेम मोडता?" तिचे डोळे भरून आले होते, पण आनंदानं. "आन् मले तिथंच आयकाचं आहे हो. माइकमंधून. आजपर्यंत माझं नाव माइकमंधून कोनी घेतलंच नाही."

तळव्याखाली रुपरावांचे ओठ हलले आणि थांबले. ती हात काढून पुन्हा आरशापुढे गेली.

सभागृह सिव्हिल लाइन्सला. रुपरावांनी मागच्या दारानं डबा दिला आणि जाता जाता पायऱ्या मोजल्या. तीन होत्या. ते गोपिकेला सांगायला धजले नाहीत. ती पाचव्या रांगेत बसली होती, जांभळी पैठणी, गजरा, मांडीवर घट्ट धरलेली पर्स. मागे सिंधूताई आणि गल्लीतल्या सात-आठ बाया. त्यांनी हाराची पिशवीसुद्धा आणली होती.

"चप्पल चावून राहिली," गोपिका कुजबुजली आणि खुर्चीखाली पाय मोकळे केले.

एकेक पुरस्कार होत होता. नाव पुकारलं जाई, कोणीतरी अंधारातून उठून उजेडात जाई, आणि उजेडात गेलं की माणूस वेगळंच दिसे. एक ढोलकीवाला वर जाऊन रडला. एक गीतकार नुसता वीणेकडे पाहत राहिला, आपलं नाव बोटानं चाचपत. एरवी हे पाहताना रुपरावांना आत कुठेतरी बरं वाटे. ती अक्षरं त्यांच्या हातची होती. आज मात्र ते भलतंच मागत होते. आयुष्यभर इतक्या चुका केल्या, त्यांतली एक परवाच का झाली नाही? कदाचित झालीही असेल. कदाचित सातव्या वीणेवर कोरताना हात आपोआप 'गोपिका' कोरून गेला असेल, निवेदक तेच वाचेल, आणि कोणाला काही कळायच्या आत ती पायऱ्या चढून गेलेली असेल. ते डोळे मिटून अक्षरं आठवू लागले. पण ती वीणा त्यांना लखलखीत आठवत होती. त्यांनी जन्मात इतकं शुद्ध नाव कोरलं नव्हतं.

"उत्कृष्ट लोकगीत गायिका!" निवेदक म्हणाला आणि तिन्ही नावं वाचली. गोपिका हेडाऊ. माइकमधून. मागून सिंधूताईंनी शिट्टीसारखं काहीतरी केलं.

रुपरावांची नजर खाली होती. खुर्चीखालच्या अंधारात गोपिकेचा उजवा पाय चप्पल शोधत होता. सापडली. पाय आत सरकला. मग डावा.

"आणि पुरस्कार जातोय... मिनल तितरमारे!"

टाळ्यांचा पाऊस पडला. गोपिकेचा पाय क्षणभर तसाच राहिला. मग हळूच, आवाज न करता, चपलेतून बाहेर आला. मग दुसरा. त्यानंतर तिनं टाळ्या वाजवल्या. नीट, हात वर करून, सगळ्यांच्या नंतर थांबणाऱ्या टाळ्या. रुपरावांकडे तिनं पाहिलं नाही.

मिनल धावतच वर गेली, ओढणी सावरत. वीणा हातात घेऊन तिला बोलताच येईना. निवेदक म्हणाला, "बोलू नका, दोन ओळी म्हणा!" वादक जागेवर नव्हते, ट्रॅक लावायला वेळ लागत होता. "तशाच म्हणा हो, बिनसाथीच्या!"

पोरीनं डोळे मिटले.

वैनगंगेच्या पान्यात चांद उतरला बाई...

आवाज वर गेला आणि तिथे थांबला, कारण गाणंच तिथे थांबतं. पुढची ओळ तिची नव्हती, मागच्यांची होती. आणि मागे पडद्याशिवाय कोणी नव्हतं. मिनलनं डोळे उघडले. सूर लोंबकळत राहिला. चारशे माणसं त्याच्याकडे पाहत होती.

रुपरावांच्या शेजारून आवाज उठला.

ओंजळीत धरू गेली, ओंजळीत राह्यला नाही.

गोपिका बसूनच म्हणत होती. पर्स मांडीवर, मान थोडी झुकलेली, जशी तीस वर्षं माइकपासून दोन हात मागे असायची. म्हणायचं असं ठरवून ती म्हणत नव्हती. ओळ पडताना दिसली आणि तिनं धरली, एवढंच. आवाज मोठा नव्हता, पण तो खालून गेला आणि पोरीच्या सुराला टेकू मिळाला. मिनलचा चेहरा उजळला. तिनं अंधारात त्या दिशेला पाहिलं आणि पुढची ओळ टाकली, आता निर्धास्त. गोपिकेनं तीही धरली. मग तिसरी.

"वा!" निवेदक म्हणाला. "प्रेक्षकांमधूनही साथ! कोण आहेत त्या ताई? टाळ्या होऊन जाऊ द्या त्यांच्यासाठीही."

दोन मिनिटांपूर्वी त्यानंच तिचं नाव वाचलं होतं.

परतताना गल्लीतल्या बाया पुढच्या ऑटोनं गेल्या. हाराची पिशवी सिंधूताईंनी पदराखाली लपवली होती आणि जाताना त्या फक्त म्हणाल्या, "उद्या माह्याकडं ये जेवाले. भाकर टाकतो." इतकं थोडं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

गोळीबार चौकात शेअर ऑटो सोडला तेव्हा दिवे लागत होते. आकाशात अजून थोडा उजेड होता, पळसाच्या फुलाचा उतरता रंग असतो तसला. गोपिका थांबली, वाकली, चप्पल काढून हातात घेतली. रुपरावांनी ती तिच्या हातातून आपल्याकडे घेतली.

"तुमाले मालूम होतं."

"हाव."

"कधीपासून?"

"बुधवार."

मग तिला हसू आलं, आतून, थकलेलं. "म्हनून बर्फी. मी बी बावळटच. तीस वर्सांत कधी बर्फी नाही आली आन् म्या समजली का..." हसू अर्ध्यावर पुसलं गेलं. तिनं पदरानं डोळे टिपले, एकदाच.

"मी सांगत होतो दुपारी."

"हाव. म्याच हात ठेवला." थोडं चालून गेल्यावर तिनं विचारलं, "पोरीचं नाव चांगलं कोरलं न? रागात कुठी वाकडंतिकडं केल्लं नाही न?"

"नाही. दुप्पट टाइम लावला. हाताचा भरोसा नव्हता मले."

"बरं केलं. जन्मभर घरात राहीन ते तिच्या."

गल्लीच्या तोंडाशी रस्ता अरुंद होतो. एरवी तिथे रुपराव पुढे होत आणि ती मागे येई. तीस वर्षांचं चालणं तसंच होतं. आज ते चप्पल सावरण्यात मागे राहिले. ती पुढे निघाली, अनवाणी, पैठणीचा काठ धुळीवरून जरा उचलून. गजऱ्याचं एक फूल सुटून पडलं. चालता चालता ती गुणगुणू लागली, आणि मग गुणगुणणं ओळ झालं.

पयसाच्या रानामंधी कोन चालली एकली?

ती थांबली. चालायची नाही, गायची. मशीननं जोडलेली झील इथे नव्हती, आणि आज स्वतःलाच उत्तर देण्याइतकं तिच्यात उरलं नव्हतं. ओळ त्या अरुंद रस्त्यावर, दोन भिंतींच्या मध्ये, तशीच तरंगत राहिली.

रुपराव जन्मात गायले नव्हते. देवळातल्या आरतीलासुद्धा ते नुसते ओठ हलवत. त्यांनी घसा खाकरला. दोन्ही हातांत एकेक चप्पल होती.

"एकली कशानं वं..." आवाज फाटला, खाली घसरला, पुन्हा वर चढला. "मांगं सावली चालली."

गोपिकेनं मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या रांगेतली बाई झील आली की मागे पाहत नाही. तिनं फक्त पाऊल जरा सावकाश केलं आणि दुसरी ओळ टाकली.